मोठ्या बोअरची रायफल: चांदमारीपासून रानापर्यंत

जड रायफल शिकायला आलेल्या माणसाची पहिली पारख मी एकाच रीतीने करतो. त्याला पाठ फिरवून उभा राहायला सांगतो, रायफल मी भरतो आणि मग त्याच्या हातात देतो. आत कधी खरं काडतूस असतं, कधी डमी. कोणतं, हे त्याला ठाऊक नसतं. डमी असताना त्याने चाप दाबला की नुसतं 'टक्' होतं, आणि त्याच क्षणी नळीचं तोंड चार बोटं खाली गेलेलं दिसतं. डोळे मिटलेले असतात, खांदा पुढे रेटलेला असतो. धक्का आलेलाच नसतो, पण शरीराने तो आधीच खाल्लेला असतो.

हा लेख त्या चार बोटांबद्दल आहे. .३७५ (गोळीचा व्यास, इंचांत) किंवा त्याहून मोठ्या रायफलीचा धक्का मोठा असतो यात शंका नाही. पण गोळी नळीतून सुटेपर्यंत रायफल जेमतेम तीनेक मिलिमीटर मागे सरकलेली असते. खांद्यावर जो दणका जाणवतो तो जवळजवळ सगळा गोळी निघून गेल्यावरचा. म्हणजे नेम धक्क्याने चुकत नाही, धक्क्याच्या धास्तीने चुकतो. पुढचं सगळं, रायफल अंगाला बसवण्यापासून सरावाच्या क्रमापर्यंत, ही धास्ती शरीरात शिरू न देण्यासाठी आहे, आणि शिरलीच असेल तर ती बाहेर काढण्यासाठी.

ही गोष्ट जुनीच आहे. 'बोअर' हे मापच मुळी एका पौंड शिशाच्या किती गोळ्या होतात यावरून आलं. चार बोअर म्हणजे पाव पौंडाची एक गोळी. १८७० च्या दशकात फ्रेडरिक सेलूस हा इंग्रज शिकारी आफ्रिकेत अशा चार बोअरच्या बंदुका घेऊन हत्तींच्या मागे हिंडला. त्या बंदुकांच्या धक्क्याने आपल्या मज्जातंतूंवर आणि पुढच्या नेमबाजीवर कायमचा परिणाम झाला, असं त्याने स्वतःच खेदाने लिहून ठेवलं आहे. सेलूससारख्या माणसाची ही कथा, तर सुट्टीच्या दिवशी रायफल हातात घेणाऱ्याने आपल्याला काही होणार नाही असं समजू नये.

धक्क्याचं गणित

धक्का तीन गोष्टींतून येतो: गोळीचं वजन, तिचा वेग आणि जळलेल्या दारूचा नळीतून सुटणारा वायू. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. दारूचं वजन गोळीच्या पाव हिश्शाच्या आसपास असतं, पण तिचा वायू गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने बाहेर पडतो. त्यामुळे एकूण धक्क्यातला साधारण पाव वाटा त्याचाच असतो. मझल ब्रेक नावाचं, नळीच्या तोंडावर बसून वायू बाजूला वळवणारं साधन चालतं ते याच वाट्यावर.

आकड्यांचा अंदाज घ्या. .३०-०६ या मध्यम काडतुसाची १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी ३.६ किलोच्या रायफलमधून उडवली तर धक्क्याची ऊर्जा ३० ज्यूलच्या आसपास येते. .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मध्ये ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७० मीटरने निघते. रायफल ४.१ किलोची असेल तर धक्का साधारण ५४ ज्यूल. .४१६ रिग्बीची ४०० ग्रेनची गोळी साडेचार किलोच्या रायफलमधून ८० ज्यूलपर्यंत जाते. .४५८ लॉट त्याच वजनात ९० च्या पुढे. म्हणजे .३०-०६ वरून थेट .४५८ लॉटवर उडी घेणारा माणूस एका दिवसात तिप्पट धक्का अंगावर घेतो.

या गणिताचा फायदा असा की इलाजही त्यातच सापडतो. काडतूस तेच ठेवून .३७५ चं वजन ४.१ वरून ४.६ किलो केलं तर ५४ ज्यूलचे ४८ होतात. अर्धा किलो वजन दिवसभर खांद्यावर वाहणं जड जातं, हे मला मान्य आहे. पण मोठ्या बोअरची रायफल हलकी घ्यावी असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. रिकामी .३७५ चार किलोच्या खाली नको, .४१६ आणि .४५८ साडेचारच्या खाली नको. .४७० नायट्रो एक्सप्रेसच्या दुनळ्या पाच किलोच्या आसपास असतात, आणि म्हणूनच ५०० ग्रेनची गोळी उडवूनही त्या 'फटका' मारत नाहीत, 'ढकलतात'. ज्यांनी दोन्ही चालवल्या आहेत त्यांना हा फरक सांगावा लागत नाही: ऊर्जा जवळपास सारखी असली तरी रायफल जितक्या वेगाने मागे येते तितकी ती टोचते.

कोणतं काडतूस

इथे मी थोडक्यात बोलेन, कारण या विषयावर लोक आधीच गरजेपेक्षा जास्त बोलतात. पहिली जड रायफल .३७५ एच अँड एच घ्या. १९१२ साली आलेलं हे काडतूस आजही आफ्रिकेतल्या मोठ्या आणि धोकादायक प्राण्यांसाठी किमान पातळी मानलं जातं. झिम्बाब्वेत हत्ती, म्हैस आणि पाणघोड्यासाठी ९.२ मिलिमीटर व्यास आणि ५,३०० ज्यूल ही कायद्याची अट आहे. नामिबियात म्हशीसाठी ५,४०० ज्यूल. ३०० ग्रेनचा चांगला .३७५ भार (गोळी आणि दारूचा मेळ) दोन्हींत बसतो, पण हातातल्या डब्यावरचा आकडा तपासून घ्या, कारण काही भार काठावर येतात.

.४१६ रिग्बी (१९११), .४५८ विंचेस्टर मॅग्नम (१९५६) आणि .४५८ लॉट ही पुढची पायरी. तिथे जायचं ते .३७५ च्या एका बैठकीत दहा गोळ्या न दचकता उडवता यायला लागल्या की मगच. मोठी गोळी चुकीच्या जागी लागली तर ती छोट्या गोळीपेक्षा फार काही जास्त करत नाही. कारामोजो बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेच .२७५ रिग्बीसारख्या लहान काडतुसाने. आज कायदा तसं करू देत नाही आणि कुणी करूही नये. पण जागा अचूक असेल तर आकड्यांचा दिमाख मागे पडतो, हे त्यातून घ्यावं.

शिकार कुठे कायदेशीर आहे, कोणत्या परवान्यावर, कोणत्या कोट्यात, हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं. केनियाने १९७७ मध्येच शिकार बंद केली. लेखी परवाना हातात नसेल तर पुढचा रानाचा भाग तुमच्यासाठी नाही. चांदमारीचा भाग मात्र आहे.

रायफल अंगाला बसवा

बेढब बसलेली .३७५ ही नीट बसलेल्या .४१६ पेक्षा जास्त दुखवते. म्हणून पैसे आधी दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या लाकडी भागावर, खर्च करा.

दस्त्याची लांबी आधी पाहा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचा तळ कोपराच्या खोबणीत टेकवला की बोटाचं पहिलं पेर चापावर यावं, ही जुनी ढोबळ कसोटी. खरी कसोटी मात्र खांद्यावरच लागते. रायफल लावल्यावर उजव्या हाताचा अंगठा आणि नाक यांत निदान दोन बोटांचं अंतर हवं. दस्ता आखूड असेल तर अंगठा नाकावर आदळतो आणि दुर्बीण भुवईवर. लांब असेल तर झटकन खांद्याला लावताना कपड्यात अडकतो. रानात ज्या कपड्यांत असाल तेच कपडे घालून मापं घ्या.

गाल जिथे टेकतो ती कड सरळ हवी किंवा पुढे जाताना किंचित उतरती. मागून पुढे चढणारी कड प्रत्येक बाराला गालाचं हाड ठोकते, आणि दचकण्याची सवय खांद्यापेक्षा गालामुळे लवकर लागते असं माझं निरीक्षण आहे. दस्त्याचा तळ रुंद असावा आणि त्यावर चांगल्या मऊ रबराचं जाड पॅड असावं. जुनं, दगडासारखं घट्ट झालेलं पॅड बदलून टाका.

आतल्या बाजूला, नळीमागच्या यंत्रणेचा, म्हणजे अ‍ॅक्शनचा रिकॉइल लग (धक्का लाकडावर टेकवणारा पोलादी दात) जिथे लाकडाला टेकतो तिथे बेडिंग (लाकूड आणि पोलाद यांची घट्ट बसवणी) नीट झालेलं हवं आणि दस्त्यात आडवे पोलादी बोल्ट हवेत. नाहीतर लाकूड मनगटाशी तडकतं. पट्ट्याची पुढची कडी लाकडावर न बसवता नळीवरच्या कड्याला लावलेली असते ती शोभेसाठी नाही. लाकडावरची कडी धक्क्यासरशी पुढच्या हाताची बोटं सोलून काढते.

दुर्बीण कमी वर्धनाची घ्या, १ ते ४ किंवा १ ते ६ पट पुरेशी आहे. डोळ्यापासूनचं अंतर मात्र निदान ९ ते १० सेंटीमीटर मिळालं पाहिजे. माझ्या भुवईवर अर्धचंद्राची एक खूण आहे. चढावर वरच्या दिशेने नेम धरला होता, मान पुढे गेली होती, आणि दुर्बीण मी घाईत एक खाच मागे बसवली होती. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा दुसरा बार काढायच्या अवस्थेत मी नव्हतो. चढावरचा बार आणि पालथं पडून काढलेला बार, या दोन्हींत डोळा दुर्बिणीच्या जवळ जातो. जड रायफल पालथं पडून चालवूच नका. शरीराला मागे जायला जागा नसते आणि सगळा मार गळपट्टीच्या हाडावर बसतो.

मझल ब्रेकबद्दल माझं मत ठाम आहे. तो धक्का तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त कमी करतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. कुठल्याही जड रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या बराच वर असतो, आणि तिथून पुढचा एकच बार कानाला कायमचं नुकसान करू शकतो. रानात तुमच्या शेजारी माग काढणारा माणूस उभा असतो, त्याच्या कानात काहीच नसतं. ब्रेक चांदमारीवर वापरा, रानात काढून ठेवा. काढल्यावर गोळी दुसरीकडे पडते का, ते कागदावर तपासल्याशिवाय निघू नका.

उभं कसं राहायचं

धक्क्याला अडवायचं नसतं, त्याला वाट द्यायची असते. पायांत खांद्याएवढं अंतर, डावा पाय अर्धा पाऊल पुढे, गुडघे सैल, वजन किंचित पुढच्या पायावर. कमरेतून मागे झुकून उभं राहणं ही नवख्याची सगळ्यात मोठी चूक. रायफल जड वाटते म्हणून माणूस तिचं वजन पोटावर तोलतो आणि बाराबरोबर दोन पावलं मागे जातो.

उजवं कोपर थोडं वर उचला, म्हणजे गळपट्टीचं हाड आणि दंडाचा सांधा यांच्यामध्ये एक मऊ खळगा तयार होतो. दस्ता तिथे बसला पाहिजे. दंडावर घेतला तर दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. बसवल्यावर दोन्ही हातांनी रायफल खांद्याकडे घट्ट ओढा. पुढचा हात फक्त आधार द्यायला नाही, त्याने मूठ आवळून मागे खेचायचं. दस्ता आणि खांदा यांत बोटभर जरी फट राहिली तर ढकलण्याचा फटका होतो.

गाल दाबून टेकवा, अलगद नको. दात मिटलेले, जीभ आत. अंगठा मुठीवरून पलीकडे न टाकता उजव्या बाजूला सरळ ठेवला तर नाक वाचतं. ज्यांच्या हाताची मूठ लहान आहे त्यांनी मात्र पलीकडेच टाकावा, नाहीतर पकड सुटते आणि चापाभोवतीची कडी मधल्या बोटावर बसते.

आता चाप. ओढायचा नाही, दाबत राहायचं. दीड किलोच्या आसपासचा, स्वच्छ सुटणारा चाप या रायफलींना योग्य. फार हलका चाप धोक्याचा, फार जड चाप खेचावा लागतो आणि खेचण्याबरोबर दचका येतो. बार झाल्यावरही डोळा दुर्बिणीतच ठेवा आणि बार होताना काय दिसलं ते मोठ्याने सांगा. 'नळीच्या तोंडाशी ज्वाळा दिसली' असं ज्याला सांगता येतं त्याचे डोळे उघडे होते.

सरावाचा क्रम

इथे घाई करणारे सगळे पुढे महिनोन्‌महिने दुरुस्ती करत बसतात. सहा आठवडे धरा. चार चालतील, पण एक चालणार नाही.

पहिले दोन आठवडे जड रायफलमधून एकही गोळी उडवू नका. रायफल रिकामी आहे याची तीनदा खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, जाड भिंतीच्या दिशेने तोंड ठेवून रोज वीस वेळा नेम धरा आणि चाप दाबा. नळीवर एक नाणं ठेवा, ते पडता कामा नये. दुनळी असेल तर डमी काडतुसं घालूनच करा. याच काळात चांदमारीवर .२२ ची हलकी रायफल घेऊन उभ्याने, २५ ते ५० मीटरवर, एका बैठकीत पन्नास गोळ्या उडवा. .२२ ने नेमबाजी शिकायची, जड रायफलने फक्त धक्का शिकायचा. दोन्ही एकदम शिकायला गेलं की दोन्ही बिघडतात.

तिसऱ्या आठवड्यात मधली रायफल. .३०८ किंवा .३०-०६, तिकाटण्यावरून (तीन काठ्यांच्या आधारावरून). दहा-पंधरा गोळ्या पुरेत.

चौथ्या आठवड्यात जड रायफल, पण शक्य असेल तर हलक्या भाराने. कारखान्यात बनलेले कमी वेगाचे भार मिळाले तर उत्तम. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: सावकाश जळणारी दारू मनाने कमी करत जाऊ नका. कमी दारू म्हणजे कमी धोका असं नसतं, काही वेळा दाब उलट बेसुमार वाढतो आणि रायफल फुटते. दारू बनवणाऱ्याने छापलेल्या कमी भाराच्या तक्त्याबाहेर जाऊच नका.

पाचव्या आठवड्यात पूर्ण भार. कानात बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही. आवाज अर्धी भीती घालतो, आणि कान नीट झाकले की तोच धक्का कमी वाटतो, हे प्रत्येक जण पहिल्याच दिवशी कबूल करतो. खांद्यावर सरावाची गादी बांधायला लाजू नका. पहिल्या दिवशी पाच गोळ्या, त्याहून एकही जास्त नाही. प्रत्येक जड बारामागे .२२ चे पाच बार. रायफल भरायला सोबत्याला द्या आणि त्याला मधूनच डमी घालू द्या. डमीवर नळी स्थिर राहिली की पुढचं खरं काडतूस. दोनदा सलग खाली गेली तर जड रायफल बाजूला ठेवायची, त्या दिवसापुरती. दिवसाचा शेवट नेहमी .२२ च्या चांगल्या बाराने करायचा. शरीर शेवटची आठवण घेऊन झोपतं.

नंतरही एका बैठकीत दहाच्या वर जाऊ नका. वीस गोळ्या उडवून खांदा काळानिळा करून घेणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या पहिल्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या अंतरात असतात, शेवटच्या पाच कागदावर सापडत नाहीत. दुखणं सुरू होण्याआधी थांबणं हाच सराव आहे. खांद्याची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, आणि पेसमेकर असेल तर त्या बाजूच्या खांद्याला रायफल लावूच नका.

सहावा आठवडा वेगाचा. बोल्ट रायफल, म्हणजे जिचा खिट्टा (बोल्ट) हाताने मागे-पुढे करून काडतूस बदलतात ती, खांद्यावरून न उतरवता हलवायची. बोल्ट पूर्ण मागे, अगदी ठोकून, मग पूर्ण पुढे. घाबरलेला माणूस बोल्ट अर्धवट ओढतो, रिकामी कवची बाहेर पडते पण नवं काडतूस उचललं जात नाही, आणि पुढचा 'टक्' समोर प्राणी असताना ऐकू येतो. माझी स्वतःची कसोटी अशी: ३० मीटरवर पंधरा सेंटीमीटरच्या गोलात, उभ्याने, दहा सेकंदांत तीन गोळ्या. ही जमली की तुम्ही तयार आहात.

झिरो करताना

झिरो करायला, म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी नेमाच्या जागी पडेल अशी दुर्बीण जुळवायला, टेबल लागतंच, पण टेबलावरच शरीर सगळ्यात जास्त मार खातं, कारण माणूस पुढे वाकून बसलेला असतो. म्हणून आधार उंच घ्या, इतका की जवळजवळ ताठ बसता किंवा उभं राहता येईल. दस्ता आणि खांदा यांच्यात वाळूची छोटी पिशवी ठेवा. पुढचा भाग हाताने धरा आणि हात पिशवीवर टेकवा. नळी किंवा लाकूड थेट कठीण वस्तूवर टेकलं तर रायफल उसळते आणि गोळी वर जाते. रायफल वजनांनी जखडून ठेवणाऱ्या लोखंडी घोड्यापासून जपून राहा. खांद्याला आराम मिळतो, पण जायला वाट न मिळालेला सगळा धक्का लाकूड आणि दुर्बिणीचे कंस खातात.

.३७५ दुर्बिणीसह ५० मीटरला झिरो केली तर तिथून १०० मीटरपर्यंत गोळी नेमाच्या रेषेपासून एखाद सेंटीमीटरच्या आतच राहते. दाट झाडीतल्या शिकारीसाठी याहून सोपं काही नाही. लागल्यावर फुलणारी गोळी आणि न फुलता खोल जाणारी सॉलिड गोळी एकाच जागी पडतात का ते त्याच बैठकीत बघून घ्या, कारण दोन्ही एकाच मॅगझीनमध्ये असणार आहेत. दर दहा गोळ्यांनंतर दस्त्याचे आणि दुर्बिणीच्या कंसांचे स्क्रू तपासा. डोक्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली की स्क्रू हलला ते लगेच दिसतं. मॅगझीनमध्ये खाली राहिलेली काडतुसंही काढून पाहा. प्रत्येक बाराला ती पुढच्या भिंतीवर आपटत असतात आणि त्यांची गोळी कवचीत मागे ढकलली जाऊ शकते. तशी दिसली तर ती वापरायची नाही.

दुनळीबद्दल एकच सूचना. आधी पुढचा चाप, मग मागचा. बोट पुढच्या चापावरून निसटून मागच्यावर गेलं की दोन्ही नळ्या एकदम उडतात, आणि ५०० ग्रेनच्या दोन गोळ्यांचा एकत्र धक्का माणसाला जमिनीवर बसवतो. पहिले काही दिवस एकाच नळीत काडतूस घाला.

रानात

आता समोर आफ्रिकी म्हैस आहे असं धरू. वजन सहाशे-सातशे किलो, अंतर पन्नास मीटर. तिकाटणं माग काढणारा उभं करून देईल. त्याच्याबरोबर हा सराव आदल्या दिवशीच झालेला असावा, तिकाटण्याच्या उंचीसह. तिकाटण्याचं टोक आणि रायफलचं लाकूड पुढच्या हाताच्या मुठीत एकत्र धरा, म्हणजे बाराबरोबर रायफल उडून खाली पडत नाही. चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) शेवटच्या टप्प्यापर्यंत रिकामंच ठेवा. कधी भरायचं ते सोबतचा व्यावसायिक शिकारी सांगेल. पहिला बार चुकीचा गेला तर तो लगेच गोळी चालवणार की तुमच्या दुसऱ्या बाराची वाट पाहणार, हेही निघण्याआधी ठरवा.

म्हैस पूर्ण आडवी उभी असेल तर पुढच्या पायाच्या मध्यातून सरळ वर या आणि शरीराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या कडेला थांबा. तिथे हृदयाचा वरचा भाग आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात, वर फुप्फुसं, पुढे खांद्याचं हाड. पाठीवरच्या उंचवट्याने फसू नका. कणा वाटतो त्यापेक्षा बराच खाली असतो, आणि उंचवट्याच्या हिशेबाने नेम धरणारे नेहमी वर मारतात. समोरासमोर, मान उंच असेल तर छातीच्या मध्यावर. तिरकी उभी असेल तर गोळी पलीकडच्या खांद्याकडे कशी पोचेल याचा विचार करा. पाठमोरी असेल तर थांबा.

मागे काय आहे ते पाहा. सॉलिड गोळी म्हशीच्या आरपार जाऊन मागच्या दुसऱ्या म्हशीला जखमी करते, आणि मग दोन जखमी म्हशींचा माग काढावा लागतो. म्हणून कळपात पहिली गोळी फुलणारी, जाड कवचाची, उत्तम प्रतीची, मागून सॉलिड. दृश्य मोकळं नसेल, फांदी आडवी असेल, श्वास लागलेला असेल तर बार काढू नका. रिकाम्या हाताने परतलेला दिवस कुणालाही मारत नाही, जखमी सोडलेली म्हैस मारते. तिला तडफडत ठेवणं हा त्याहूनही मोठा अपराध आहे.

बार झाला की धक्क्याचा विचारसुद्धा मनात येत नाही. इथे सगळ्यांना हे नवल वाटतं. चांदमारीवर ज्याने झोप उडवली तो धक्का रानात जाणवलाच नाही असं प्रत्येक जण सांगतो. पण त्यावर विसंबू नका, कारण दचका चाप दाबण्याआधीचा असतो आणि तो सवयीतून येतो. काय झालं ते बघत उभं राहू नका. बोल्ट लगेच हलवा, आणि म्हैस उभी आहे, दिसते आहे, मागे मोकळं आहे, तोवर गोळ्या चालवत राहा. हृदयात गोळी लागलेली म्हैसही शंभर मीटर पळते.

झाडीत गेली तर थांबा. निदान वीस मिनिटं. पाणी प्या, मॅगझीन पुन्हा भरा, ती जिथे उभी होती ती जागा आणि जिथे आत शिरली ती जागा काडी रोवून खूण करा. लांब, दबलेलं हंबरणं ऐकू आलं तर बहुतेक संपलेलं असतं, पण बहुतेकच. आत जाताना पुढे कोण, उजवीकडे कोण, कुणाच्या रायफलचं तोंड कुठे, हे शब्दांत ठरवून जा. माग काढणारा खाली पाहत असतो, त्याचे डोळे तुम्ही व्हायचं असतं. दुर्बीण सगळ्यात कमी वर्धनावर आणा.

पडलेली दिसली की मागच्या बाजूने जा, शिंगांकडून कधीच नाही. दहा-पंधरा पावलांवरून, मणक्याच्या रेषेत खांद्यांच्या मध्ये, आणखी एक गोळी. एका गोळीचा खर्च इथे वाचवू नये. मग सोबत्याने रायफल रोखून धरलेली असताना लांब काठीचं टोक उघड्या डोळ्याला लावा. पापणी हलली नाही की नळीचं तोंड रिकाम्या जमिनीकडे वळवा, बोल्ट उघडा, चेंबर बोटाने चाचपून रिकामं झाल्याची खात्री करा, आणि मगच हात सोबत्याच्या खांद्यावर ठेवा.